मिशनच्या शाळेला पहिलीतल्या पोरीचं नेमकं काय करायचं असतं?

भाऊ,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पारोळा तालुक्यातले, शेती आणि जोडीला कृषी केंद्र. मुलगी साडेपाच वर्षांची. गावात जिल्हा परिषदेची शाळा घरासमोर आहे आणि चौदा किलोमीटरवर सिस्टर लोकांची इंग्रजी शाळा आहे. तिच्या माहितीपत्रकात 'ईश्वरनिष्ठा, सर्वांगीण विकास, सेवाभाव, गुणवत्ता' असे चार शब्द छापलेत. तुमच्या आई म्हणतात पोरगी बाटेल. धाकटा भाऊ म्हणतो, इंग्रजीशिवाय आता काय आहे! आणि त्या चार शब्दांवरून शाळेला पोरीचं नेमकं काय करायचंय ते काही कळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॅथलिक शाळेच्या प्राथमिक विभागात मी २९ वर्षं काढली. त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर, शेवटची आठ विभागाची मुख्याध्यापिका म्हणून. मी ख्रिस्ती नाही. माहेर यावलकडचं, घरी केळी, घरात विठोबा. त्यामुळे या शाळांचं आतलंही पाहिलंय आणि बाहेरून काय बोललं जातं तेही माहेरीच ऐकलंय.

तुमचा प्रश्न 'शाळा चांगली का वाईट' असा मला वाटत नाही. वर ऑफिसात एक तत्त्व टांगलेलं असतं आणि खाली पहिलीच्या वर्गात एक मिस पन्नास पोरं सांभाळत असते. ते तत्त्व तिथपर्यंत पोचतं का, हा खरा प्रश्न. काही शाळांत पोचतं, काहींत जिन्यातच राहतं. कुठल्या शाळेत काय, हे मी इथून सांगू शकत नाही. पण ते कसं ओळखायचं ते सांगते.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासा: ती शाळा खरंच कॅथलिक आहे का? आपल्याकडे कुणीही पत्र्याच्या शेडवर 'कॉन्व्हेंट' लिहितं. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात सिस्टर लोकांचं राहतं घर. नावात 'सेंट' असलं म्हणजेही काही सिद्ध होत नाही. शिवाय सगळे 'मिशनरी' एकाच झाडाचे नाहीत. नवापूर-नंदुरबारकडे प्रोटेस्टंट मिशनांचं जुनं काम आहे, ते वेगळं. कॅथलिक शाळा एकतर धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला भाग, चालवतो, आपल्याकडे तो नाशिकचा, १९८७ साली पुण्यातून वेगळा झालेला; नाहीतर सिस्टर किंवा ब्रदर लोकांचा एखादा संघ चालवतो. ऑफिसात सरळ विचारा, "संस्था कुणाची?" खरी असेल तर एका वाक्यात उत्तर मिळतं.

आता ते चार शब्द. कॅथलिक शिक्षणविचार मला जसा समजला तसा सांगते, धर्मशास्त्री म्हणून नव्हे, वर्गावर उभी राहिलेली बाई म्हणून.

त्यांच्या मते प्रत्येक मूल देवाच्या प्रतिमेत घडलेलं असतं, म्हणून त्याची किंमत त्याच्या मार्कांवर ठरत नाही. हे वाक्य कुठल्याही भिंतीवर शोभतं. मला ते कळलं एका स्टीलच्या ताटामुळे. माझ्या वर्गात जिनिंगमधल्या एका हमालाचा मुलगा होता. बी आणि डी या दोन अक्षरांत त्याची कायमची गफलत. मी लाल शेरे मारून दमले होते. आमच्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, मंगळूरकडच्या, निवृत्तीला आलेल्या. त्या मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं त्याला स्वयंपाकघराच्या पायरीवर घेऊन बसायच्या. ताटात रवा पसरायचा, त्याचं बोट धरायचं आणि अक्षर गिरवायचं. आधी उभी रेघ, मग पोट. ताट हलवलं की अक्षर पुसलं, चूक कुठे उरतच नाही. पोरगं मधूनच बोट चाटायचं. त्या म्हणायच्या, "खा, पण आधी पोट कुठल्या बाजूला ते सांग." दीड महिना हे चाललं. ना त्याचा फोटो निघाला, ना अहवालात नोंद झाली. 'ईश्वरनिष्ठा' हा माहितीपत्रकातला शब्द वाचला की मला प्रार्थनेआधी ते ताट आठवतं.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण शाळाच ती पालकांना फारशी सांगत नाहीत. २८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, शिक्षणावर एक जाहीरनामा काढला. त्यात स्पष्ट म्हटलंय की मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील आहेत. शाळा त्यांच्या मदतीला. म्हणजे त्यांच्याच तत्त्वाप्रमाणे तुम्ही तिथे गिऱ्हाईक नाही आणि याचकही नाही. प्रत्यक्षात काय होतं? पालक गेटबाहेर उन्हात उभे आणि वॉचमन विचारतो, "अपॉइंटमेंट आहे का?" हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि मुख्याध्यापिका झाल्यावर पहिलं वर्षभर माझ्याच्याने बदललं नाही, हेही कबूल करते.

तिसरी गोष्ट विवेकाची. कुणी बघत नसताना बरं-वाईट ओळखता आलं पाहिजे, आणि त्याची सवय सहा-सात वर्षांपासून लावायची. कॅथलिक मुलं साधारण याच वयात पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद (चर्चमधल्या उपासनेतली पवित्र भाकर) घेतात, त्याआधी पापकबुली शिकतात; हा आग्रह तिथूनच आलेला. बाकीच्या मुलांसाठी त्याचंच रूप म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास. तो नुसता पुस्तकातून घेतला तर त्याच्यासारखा रटाळ तास नाही. पण सापडलेलं खोडरबर जमा करण्याचा डबा वर्गात असेल आणि त्यात पोरं खरंच खोडरबर टाकत असतील, तर तो तास कुणीतरी नीट घेतंय असं समजा.

सेवाभावाबद्दल फार लिहीत नाही. वर्षातून एकदा वृद्धाश्रमात बिस्किटं वाटून फोटो काढणं म्हणजे सेवा नव्हे. आठवड्यातून एकदा स्वतःचा वर्ग स्वतः झाडणं मला जास्त पटतं.

आता तुमच्या आईंची भीती. तिला हसू नका, उत्तर द्या.

२९ वर्षांत माझ्या वर्गातलं एकही मूल शाळेमुळे ख्रिस्ती झालेलं मी पाहिलं नाही. पन्नासात कॅथलिक मुलं दोन-तीन असायची, तीही बहुतेक रेल्वेतल्या गोवन किंवा दक्षिणेकडच्या घरांतली. कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास त्यांच्यापुरता; त्या वेळी बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला. कायदाही तुमच्या बाजूने आहे. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवायचं तर पालकांची संमती लागते. एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही शाळांना सूचना दिल्या, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि सकाळी असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणा. तुमच्या शाळेत ती म्हणतात का, हे सकाळी गेटजवळ उभं राहूनसुद्धा ऐकू येईल.

पण काहीच परिणाम होणार नाही असं मी म्हणणार नाही. होतो. माझा स्वतःचा मुलगा तिथेच शिकला. बालवाडीत असताना जेवणाआधी कपाळ, छाती, खांदे असा क्रूस करायला लागला. मी घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "जेवायच्या आधी देव आठवतोय ना? मग गिळू दे त्याला." दुसरीत गेल्यावर ते आपोआप सुटलं. नाताळची गाणी पोरीला पाठ होतील, गोठ्यातला बाळ येशू चितारेल, आणि घरच्या कानबाईचीही, आपल्या खानदेशातल्या देवीची, ती तितक्याच भक्तीने आरती करेल. ज्या घरात सणवार चालू असतात तिथल्या पोरांचा गोंधळ होत नाही. घरातच काही उरलं नसेल तर मात्र शाळा जे देईल तेच त्यांचं होतं, आणि त्यात शाळेचा काय दोष?

कानबाईवरून आठवलं. एका वर्षी केरळहून नव्या प्रिन्सिपॉल सिस्टर आल्या आणि त्यांनी श्रावणातल्या नेमक्या त्या सोमवारी युनिट टेस्ट लावली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. आपल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, त्यांना कोण सांगणार? सोमवारी माझ्या वर्गात अकरा पोरं. सिस्टर संतापल्या, सगळ्यांना शून्य द्यायला निघाल्या. मी आणि शिपाईमामा त्यांना संध्याकाळी गल्लीत घेऊन गेलो. डोक्यावर कानबाई घेऊन नाचत चाललेल्या बाया, वाजंत्री, आणि त्या घोळक्यात आमचीच पोरं, डोळे तारवटलेले. "मिस, मिस" करत आली. कुणाच्या तरी आईने सिस्टरांच्या हातावर प्रसाद ठेवला. पेपर गुरुवारी पुन्हा घेतला. पुढच्या वर्षीपासून शाळेच्या कॅलेंडरमध्ये तो सोमवार मोकळा राहायला लागला. सांगायचं एवढंच, की यांतल्या पुष्कळ गोष्टी दुष्टाव्याने होत नाहीत. बदलीवर आलेल्या माणसाला गाव माहीत नसतं. आणि सिस्टर दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे आज पाहिलेली शाळा तुमची पोरगी चौथीत जाईपर्यंत तशीच राहील याची खात्री नाही. मेंदी, बांगड्या, टिकली यांवरून होणारी कटकटही बरीचशी यातलीच. गणवेशाचा नियम म्हणून सगळ्यांना सारखा असेल तर समजून घ्या. मेंदी लावली म्हणून पोरीला वर्गाबाहेर उभं केलं तर जाऊन बोला.

मला खरी काळजी धर्माची नाही, भाषेची वाटते. इथे जरा जास्त लिहिते, कारण यात माझा स्वतःचा गुन्हा आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे एक पुठ्ठ्याचा बिल्ला होता, सुतळीत ओवलेला. वर्गात जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात घालायचा. त्याने दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडलं की बिल्ला त्याच्या गळ्यात. सुट्टीच्या घंटेला ज्याच्या गळ्यात सापडेल त्याला शिक्षा. तो बिल्ला मी स्वतः कापला होता, कडेने सोनेरी कागदही लावला होता. माझ्या वर्गात अमळनेरकडून नुकतंच आलेलं एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी. घरी अहिराणी. जूनपासून दिवाळीपर्यंत तिचा आवाज मी ऐकला नाही. हजेरीला फक्त हात वर. मी रिपोर्टवर लिहिलं, 'शांत, आज्ञाधारक'. आईने वाचून समाधानाने सही केली.

दिवाळीनंतर एक दिवस मधल्या सुट्टीत ती डब्याजवळ नुसती उभी. कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फरशीवर पडलेली. मी विचारलं, काय झालं? गप्प. पुन्हा विचारलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या पोराच्या गळ्यातला बिल्ला काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि मग म्हणाली, "मना डबा पडी गया."

चार शब्द बोलायची परवानगी तिने आधी शिक्षा घेऊन मिळवली. मी तो बिल्ला ड्रॉवरमध्ये टाकला, आणि पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी हे त्या म्हाताऱ्या सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ला सालची गोष्ट सांगितली. जाँ बातिस्त द ला साल, सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू. गरिबांच्या पोरांसाठी शाळा काढणारा. १९५० साली पोपने त्याला शिक्षकांचा आश्रयदाता संत ठरवलं. त्या काळी वाचन लॅटिनमधून सुरू करायची रीत होती. त्याने पोरांना आधी त्यांच्या फ्रेंचमधून वाचायला शिकवलं. कारण साधं: गवंड्याचं, विणकराचं पोर शाळेत राहणार किती वर्षं? तेवढ्यात त्याला स्वतःच्या भाषेत वाचता आलं पाहिजे. सिस्टर म्हणाल्या, "आपण उलटं करतोय. आपलं लॅटिन म्हणजे इंग्लिश." तेव्हापासून पहिलीच्या पहिल्या सहामाहीत मी गोष्ट आधी मराठीत सांगायचे, मध्येच अहिराणी नाहीतर लेवा बोली, आणि मग तीच इंग्रजीत. पोरं इंग्रजी उशिरा बोलायला लागली, पण जी बोलली ती पाठ केलेली नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलंय. म्हणजे कॅथलिक तत्त्वज्ञान आणि सरकारी धोरण इथे एका बाजूला; दुसऱ्या बाजूला, रागावू नका, बहुतेक पालक. "मिस, घरी पण इंग्लिशच बोलायला लावू का?" हे मला दर ओपन डेला विचारलं जायचं. बिल्ल्याची कल्पना माझी असली तरी टाळ्या पालकांनीच वाजवल्या होत्या.

शिस्तीबद्दल ऐकलेलं असेल, 'कॉन्व्हेंटची शिस्त'. डॉन बॉस्को हे एकोणिसाव्या शतकातले तुरीनचे फादर, रस्त्यावरच्या पोरांत काम केलेले. १८७७ साली त्यांनी आपली पद्धत लिहून काढली, तिचे तीन खांब: समजावणं, धर्म आणि माया. शिक्षा करायची वेळच येऊ नये म्हणून मोठ्यांनी पोरांत असावं, मैदानावरसुद्धा. त्यामुळे शाळा बघायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीत जा. शिक्षक कुठे आहेत ते बघा. सगळे स्टाफरूममध्ये चहाला आणि मैदानावर एकटा वॉचमन शिट्टी वाजवतोय, तर डॉन बॉस्कोंचा फोटो कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच बंद केलीय. सुरुवातीला मीही मारलंय. त्याचं समर्थन करत नाही.

तुमच्या बाबतीत काय करावं हे तीन-चार गोष्टींवर ठरेल, आणि त्या मला दिसत नाहीत.

एक, गावच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी किंवा बाई. ते वेळेवर येत असतील आणि दुसरीतली पोरं अडखळत का होईना वाचत असतील, तर मी चौथीपर्यंत तिथेच ठेवा म्हणेन, आणि पाचवीला हलवा. ही माझी आवड आहे. माझ्याच जुन्या सहकारी यावर माझ्याशी भांडतील, कारण पाचवीला त्या शाळेत जागा मिळेलच असं नाही. दोन, तो चौदा किलोमीटरचा रस्ता. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि व्हॅनमध्ये किती पोरं कोंबतात ते तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षांच्या पोरीचे रोज दोन तास त्यात जाणार असतील तर कुठलंही तत्त्वज्ञान ते भरून देत नाही. तीन, फी. शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्क्यांतल्या मोफत जागेची आशा धरू नका. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालावर शंका काढली, पण त्या भरवशावर आज प्रवेश मिळत नाही. मात्र अडचणीतल्या घरांची फी बऱ्याच सिस्टर गुपचूप कमी करतात. तोंड उघडून विचारावं लागतं, आणि विचारताना लाजू नये. गरिबांना आधी जागा हे त्यांच्याच तत्त्वात बसतं.

शाळा बघायला गेलात तर हुशार पोरांच्या वह्या दाखवतील. तुम्ही सगळ्यात मागे राहिलेल्या पोराची वही मागा. नाव नको, फक्त वही. त्यात नुसते लाल फुल्या-शेरे आहेत, का कुणीतरी बाजूला पुन्हा अक्षर काढून दिलंय, ते बघा. मग विचारा की पहिलीत घरची भाषा बोलली तर काय करता. उत्तर देताना प्रिन्सिपॉलपेक्षा वर्गशिक्षिकेच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. प्रिन्सिपॉलला उत्तर पाठ असतं.

तुमच्या आईंनाही बरोबर न्या. मुलाखतीला नाही, नुसतं शाळा सुटायच्या वेळी गेटवर. पोरं बाहेर कशी येतात, जाताना मिसला हात हलवतात की मान खाली घालून पळतात, हे आजीला आपल्यापेक्षा लवकर कळतं. त्यांना बाटण्याची भीती असेल तर तिथे एखाद्या सिस्टरशी बोलू द्या. मराठी मोडकी असेल, पण बोलतात.

आणि घातलंच तर प्रवेशाच्या फॉर्मवर 'मातृभाषा' असा रकाना असतो. पालक तिथे सवयीने 'मराठी' लिहितात, काही जण तर 'इंग्रजी'. तुमच्या घरी जी बोलतात ती लिहा, अहिराणी, मोठ्या अक्षरात. मी पहिल्या दिवशी वर्गात जायच्या आधी तोच रकाना वाचायचे.